बॅटरी वाचवताना

मानवत,
रविवार, ५ डिसेंबर १९९३

प्रिय द्वारका,

तुझं पत्र परवा मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं म्हणून पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं, म्हटलं पोस्टमन चुकला की काय. इकडं सगळे धडधाकट आहेत, आईचा गुडघा सोडून. दिवसभर त्याच्या नावानं कुरकुर करते आणि त्याच गुडघ्यावर बसून अख्खं घर पुसते. तुझीच आत्या ती, तुला वेगळं काय सांगायचं. मामा-मामींना माझा नमस्कार सांग.

तुमच्या संस्थेनं लेकरांची वजनं टिपायला तुला लॅपटॉप दिला हे वाचून मला लय हसू आलं. मी पुण्याहून जुना लॅपटॉप आणला तेव्हा तूच म्हणाली होतीस, "पंडित, ह्या पेटीत कोंबडी हाय का, सारखी कुरकुरायलीय." आता तीच कोंबडी तुझ्या मांडीवर येऊन बसली. मी ती घेऊन बाजारोबाजार लोकांच्या पत्रिका काढत फिरतो, तू गावोगाव लेकरं मोजत फिरतेस. नाव माझं पंडित, पण आमच्या सात पिढ्यांत कुणी पंचांगाला हात लावला नव्हता हे तुला ठाऊकच आहे. लोकांना त्याचं काही नाही. कागद मशीनमधून निघाला की झालं.

तर तुझी तक्रार अशी की बॅटरी सव्वा तासात बसते, बालवाडीत लाईट नसते आणि दिवसाला तीन गावं करायची असतात. या विषयावर मी पोथी लिहू शकतो. कागद जवळ घेऊन बस.

पहिलं म्हणजे पडद्याचा उजेड. उजव्या बाजूला एक छोटी चकती असेल, ती निम्म्याच्याही खाली आण. बॅटरी सगळ्यात जास्त तोच उजेड खातो. घराच्या आत बसूच नकोस, झाडाच्या सावलीत पाठ उन्हाकडं करून बस, म्हणजे उजेड कमी असला तरी अक्षर दिसतं. दुसरं, आत एक चकती फिरते, जिच्यावर सगळं साठतं. ती फिरायला लागताना मोठा घोट घेते. दर लेकरामागं साठवायला लावशील तर ती दर लेकरामागं घोट घेईल. म्हणून मी पूर्ण प्रोग्राम सकाळीच मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत चढवून ठेवतो, दिवसभर तिथंच काम करतो आणि उठताना एकदाच चकतीवर उतरवतो. त्यात धोका एकच, बॅटरी अचानक बसली तर सगळं पाण्यात. म्हणून लाल दिवा लुकलुकायच्या आत उतरवून घ्यायचं. गाव संपलं की उतरव, असा नेम कर.

तुझ्या मशीनमध्ये डॉसची नवी आवृत्ती असेल तर तिच्यात पॉवर नावाचा एक चिमुकला प्रोग्राम मिळेल. सुरुवातीच्या फाईलमध्ये त्याची एक ओळ घालावी लागते, ती मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत दिली आहे. जशी आहे तशीच टाईप कर, मनानं काही घालू नकोस. त्यानं होतं काय, तू एक बटण दाबून दुसरं शोधतेस तेवढ्या वेळात मशीन डुलकी काढतं. आपल्यासारखे एका बोटानं टाईप करणारे असले की ती डुलकी चांगली लांब होते.

फ्लॉपी आत विसरू नकोस. दर लेकराला मशीन बंद-चालू करू नकोस, त्यात उलट जास्त जातं. आधी सगळ्या लेकरांची वजनं कागदावर घे, मग एका बैठकीत भर. लेकरं रडायलीत, आया भांडायल्यात आणि मशीन उघडं, असं चालायचं नाही.

चार्जिंगचं मात्र नीट ऐक. ही बॅटरी सवयीची गुलाम आहे. अर्धी संपली की लगेच लावायची सवय केलीस तर महिनाभरात ती अर्ध्यातच दम टाकते. महिन्यातून एकदा पार संपू दे, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत, आणि मग पूर्ण भर. पिठाच्या गिरणीत कधीही लावू नकोस, तिथं मोटर चालू-बंद झाली की लाईन उसळते. माझा पहिला चार्जर सटवाजीच्या गिरणीतच जळाला. आणि जीपच्या टपावर पेटी ठेवायची नाही. उन्हानं बॅटरी म्हातारी होते.

एक राहिलं. दोन मिनिटं हात लावला नाही की पडदा काळा व्हावा अशी सोय असते, ती चालू कर. पण पडदा परत जागा करायला एन्टर दाबू नकोस, शिफ्ट दाब. नेहमी शिफ्टच दाब.

आईकडून कळलं की मामांनी तुझ्यासाठी झरीचं स्थळ बघितलंय. दिनकरराव, वय एक्केचाळीस, पहिली बायको गेलेली, दोन मुलं. आई म्हणाली, त्यांनाही कडक मंगळ आहे, म्हणून जुळतं. तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. चार पानं बॅटरीवर आणि लग्नावर एक ओळ नाही, म्हणून मीही विचारत नाही.

बॅटरी किती चालली ते कळव. नाही कळवलंस तरी मी समजून घेईन की चालली.

तुझा
पंडित


मानवत,
रविवार, २ जानेवारी १९९४

प्रिय द्वारका,

दोन तासांना दहा मिनिटं कमी. तुझ्या पत्रातला हा आकडा मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिला वाटलं पोरगी परीक्षेत पास झाली. म्हणाली, "पेढे पाठव म्हनावं." मी म्हटलं आई, बॅटरी. तर म्हणे, "मग काय झालं, तिच्यापायी तरी पेढे पाठव."

पॉवरची ओळ तू एका फटक्यात बरोबर घातलीस, हे खरं कौतुकाचं. मी पहिल्यांदा घातली होती तेव्हा मशीन चालूच होईना, आणि दोन दिवस मी मशीनसमोर बसून राहिलो होतो. आणि पाठ उन्हाकडं करून बसल्यानं बायका तुझ्या मागून पडदा वाचायला लागल्या, आपलं लेकरू कितीचं भरलं ते, हे वाचून मजा वाटली. वाचू दे. त्यांचंच लेकरू आहे.

चार्जिंगचं तू शाळेत जमवलंस, छान झालं. हेडमास्तरांना सांग, रात्रभर लावून ठेवू नका. भरली की काढायची. भरलेल्या माणसाला आणखी वाढलं तर तो आडवाच होणार. बॅटरीच्या पितळी टोकांवर काळं चढतं, ते खोडरबरानं पुसत जा, ओल्या फडक्यानं नव्हे. थंडीत सकाळी मशीन जरा आळशासारखं वागेल, तेव्हा घाबरू नकोस. बॅटरी कमी भरली असं नसतं, दहाच्या उन्हात थोडी गरम झाली की ठीक होते.

तू विचारलंस, शिफ्टच का? एन्टर दाबला तर काय होतं?

काही नाही. माझी सवय आहे. प्रत्येकाची एकेक सवय असते. तुझा प्रोग्राम वेगळा, माझा वेगळा. तू शिफ्ट दाब, विषय संपला.

इकडची बातमी अशी की बन्सीधर जोशी महाराज आता कुणाकडंच जात नाहीत. वालूरला तुमच्या गल्लीच्या टोकाला राहतात ते, तुझ्या बारशाला नाव काढणारे. परवा मानवतला डोळ्यांच्या डॉक्टरकडं आले होते, तेव्हा स्टँडवर भेटले. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. म्हणाले, "डॉक्टर म्हणतो डोळे ठीक आहेत. मग तुझे मामा व्यंकटराव कसे म्हणाले की नजर मंदावली?" मी त्यांना गाडीत बसवून दिलं आणि खिडकीची जागा धरून दिली. आजकाल सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं येतात. कंप्युटरचा कागद असला की पोरीकडचेही गप्प आणि पोराकडचेही गप्प.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "झरीचं पक्कं होईल असं वाटतं. माणूस वाईट नाही म्हणतात. त्याची मोठी मुलगी माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे. मंगळ असल्यावर मुलीनं निवडायचं काय असतं, पंडित?" हे वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. तुला काहीतरी उत्तर द्यावं म्हणून दोन कागद फाडले.

एवढंच विचारतो, सुपारी कधी फोडायची ठरली आहे का? तारीख ठरली तर मला लगेच कळव. आईला साडी-चोळीची तयारी करावी लागेल, म्हणून विचारतो.

मशीन उन्हात ठेवू नकोस.

तुझा
पंडित


मानवत,
शनिवार, २२ जानेवारी १९९४

द्वारका,

तुझं दहा तारखेचं पत्र काल मिळालं. नामांतराच्या बंदोबस्तात गाड्या बंद होत्या, टपालाची थैली वाटेत कुठंतरी अडकून पडली होती म्हणे. तेवढ्यात तिकडं तुझी तारीख ठरली. आईला मामांचा निरोप आला, येत्या तीस तारखेला रविवारी सुपारी. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. वालूर गाडीचे कंडक्टर दत्तराव माझ्या ओळखीचे आहेत, ते सोमवारी बालवाडीत तुझ्याच हातात देतील. घरी देऊ नका असं त्यांना बजावून सांगितलंय.

तू लिहिलंस, "एन्टर दाबून बघितला. पडदा जागा झाला आणि खालच्या रकान्यावर गेला, आधीच्या लेकराची जन्मतारीख नव्या लेकराला चिकटली. दोन वर्षांचं लेकरू सहा वर्षांचं झालं आणि मशीन म्हणालं, हे लेकरू उपाशी आहे. मी कागदाशी ताडून बघितलं म्हणून सापडलं. तुझ्याकडून कधी असं झालं का?"

तू साधंच विचारलं असशील. पण चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं तुला सगळं कळलं.

झालं, द्वारका. एकदा झालं. तुझ्या पत्रिकेत झालं.

आता सुरुवातीपासून लिहितो, मध्ये थांबलो तर परत गप्प बसेन. दोन वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, वालूरच्या बाजारात लिंबाखाली मी मशीन मांडून बसलो होतो. दुपार होऊन गेली होती, बॅटरी शेवटाला आली होती. पडद्याचा उजेड पार खाली, पडदा दोन मिनिटांत काळा होणार, सगळं काम तात्पुरत्या आठवणीत. तुला शिकवलं ते सगळं तेव्हा मी करतच होतो. तुझ्या आधी पंचफुला नावाच्या एका मुलीची पत्रिका केली, तिचा जन्म सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांचा. तेवढ्यात मामा, तुला बघून गेलेल्या जिंतूरच्या मास्तरांच्या वडिलांना आणि चुलत्याला घेऊन आले. मामांनी चिठ्ठी दिली, तुझी तारीख आणि वेळ, पहाटे चार वीस. मी तुझं नाव टाकलं, तारीख टाकली, आणि मास्तरांचे वडील विचारायला लागले, हे यंत्र कुठं बनतं, हे काय खातं, याला मराठी येतं का. मी भाव खात उत्तरं देत बसलो. पडदा काळा झाला. लाल दिवा लुकलुकायला लागला, म्हणून मी घाईनं एन्टर दाबला. पडदा आला. वेळेचा रकाना ओलांडून पुढं गेला होता. त्यात अकरा पाच तशीच राहिली.

वेळ बदलली की पत्रिकेतलं लग्न, म्हणजे पहिलं घर, बदलतं, लग्न बदललं की मंगळाचं घर बदलतं. तुझा मंगळ दहाव्या घरातला, तिथं त्याचा दोष धरत नाहीत. मशीननं तो सातव्यात नेऊन बसवला. मी सगळ्यांसमोर पडद्यावरून वाचलं, सप्तमात मंगळ, कडक. मास्तरांचे वडील उठून उभे राहिले, चहाही घेतला नाही.

इथपर्यंत चूक. घाईची, बॅटरीची, माझ्या बढाईची, काय म्हणायचं ते म्हण. इथपर्यंतचं कुणीही माफ करील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानवतला लाईट आली, मी कागद छापायला बसलो. यादीत दोन नावं खाली-वर होती, पंचफुला आणि द्वारका, आणि दोघींची वेळ एकच. एका नजरेत कळलं. मामांची चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती. वेळ बदलून परत छापायला पाच मिनिटं लागली असती, आणि दुपारच्या गाडीनं जाऊन सांगितलं असतं तर मास्तरही माघारी फिरले असते. मी वेळ बदलली नाही. तुझी पत्रिका अकरा पाचचीच छापली आणि मामांना नेऊन दिली.

का, ते तुला कळायला पाहिजे. तू मला आवडायचीस. लहानपणापासून घरात ऐकत आलो, मामाची पोरगी, पहिला मान भाच्याचा. मी ते खरं धरून बसलो होतो. आईनं मामांकडं शब्द टाकला होता, मामा म्हणाले होते, "बघू आक्का, घाई काय हाय." आणि मग अचानक जिंतूरचे मास्तर. ते तुला बी.ए. पुरं करू देणार होते, तू किती खूश होतीस ते मला माहीत होतं, तूच येऊन सांगितलं होतंस. मी त्या सकाळी विचार केला, हे एवढं मोडू दे. मोडलं की आई परत शब्द टाकेल.

आईनं टाकला. आखाजीच्या सणाला ती वालूरला आली होती ते तुला आठवत असेल. मामा म्हणाले, "आक्का, द्वारकीला कडक मंगळ हाय. तुझ्या पोराला न्हाई. तुझ्या एकुलत्या एक पोराचं वाटोळं करू का मी?" माझ्या पत्रिकेत मंगळ नाही, हे मामांना माझ्या मशीनच्या कागदावरूनच कळलं होतं. आणि तो कागद बरोबर होता.

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडला, आणि पाय तुझाही गेला. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. त्या वेळी दोनच महिन्यांचं पाप होतं. पण तोवर मास्तरांचं चैत्रात लग्न होऊन गेलं होतं, मी मनाला म्हटलं आता सांगून काय उपयोग. मग मामांनी तुझं शिक्षण थांबवलं. मग मी तुमच्याकडं यायचं बंद केलं. लोकांना वाटलं, धंदा वाढला म्हणून येत नाही.

बन्सीधर महाराजांनी तेव्हाच मामांना सांगितलं होतं, ही पत्रिका चुकली आहे, माझ्या वहीत चार वीस आहे, पोरीला मंगळ नाही. मामा काय म्हणाले माहीत आहे? "महाराज, तुमची नजर मंदावली. कंप्युटर काय कुणाचा सोयरा हाय का, खोटं बोलायला?" मी तिथंच बसलो होतो. कंप्युटर सोयरा नव्हता, पण कंप्युटरवाला सोयरा होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी सुपारी कातरत बसलो.

काल तुझं पत्र वाचलं आणि संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "भावाच्या दारात मला आता कोणतं तोंड घेऊन नेतोस?" तेवढंच. आज ताट वाढलं आणि उठून बाहेर गेली.

आज सकाळच्या गाडीनं मी वालूरला येऊन गेलो, तुमच्या घरी न येता. बन्सीधर महाराजांकडं गेलो. पाया पडलो, या वेळेला त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी त्या पहाटे तुझ्या मामाच्या ओसरीत बसून घड्याळ बघितलं होतं. माझी माफी कशाला मागतोस, माझी काय फक्त पंचांगाची इज्जत गेली. जिचं गेलं तिला सांग." मग वही काढली आणि स्वतःच्या हातानं ते पान उतरवून दिलं. अक्षर अजून मोत्यासारखं आहे.

सोबत तीन कागद आहेत. एक महाराजांचं पान. दुसरा माझ्या मशीनमधली त्या दिवसाची यादी, तिच्यात तुझी आणि पंचफुलाची वेळ एकच दिसते, मी लाल शाईनं खूण केली आहे. ही यादी मी दोन वर्षं पुसली नाही. का ठेवली ते मलाही सांगता येणार नाही, पुसायला बऱ्याच वेळा बसलो होतो. तिसरा तुझी खरी पत्रिका, आज छापलेली. वेळ टाकून तीनदा चिठ्ठीशी ताडून बघितली.

मंगळ खरा असतो की नसतो हे मला ठाऊक नाही. मी शंभर लोकांना कडक मंगळ सांगितला आहे आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मामांना कळतं, झरीच्या लोकांना कळतं, आणि त्याच्यावरच तुझं ठरायलंय. तुझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा माणूस तुला केवळ या कागदावरून मिळायलाय. तो कागद मी केला आहे.

मी मंगळवारी, पंचवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं येतो. मामांच्या ओसरीवर बसून हेच सगळं सांगतो. मामांनी पायताण काढलं तर हात आडवा धरणार नाही. त्यानंतरच्या बाजारात त्याच लिंबाखाली उभा राहून सांगतो. मग माझ्याकडं पत्रिका काढायला कुणी येणार नाही, येऊही नये. शाळांचे दाखले टाईप करीन, अर्ज लिहीन, काहीतरी करीन.

मामांच्या आधी हे तुला कळावं असं वाटलं. त्या दिवशी लिंबाखाली आम्ही चार माणसं होतो, आणि पत्रिका जिची ती घरी होती. निदान या वेळेला तुला शेवटी कळू नये.

तू झरीला हो म्हण, नाही म्हण, कुणालाच हो म्हणू नकोस, कॉलेजचा फॉर्म भर, यातलं मी काहीच सांगणार नाही. आणि एक गोष्ट स्वच्छ लिहितो, म्हणजे कुणाच्या मनात शंका नको. मी मागणी घालणार नाही. आईलाही घालू देणार नाही. हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तू मला माफ कर असंही लिहीत नाही. केलंस तर मला बरं वाटेल, पण मला बरं वाटावं असं मी काही केलेलं नाही.

शेवटचं. मला माझी खात्री नाही. दोन वर्षं मी रोज ठरवलं आणि रोज घाबरलो. मंगळवारी गाडीत बसेन आणि अर्ध्या वाटेत उतरेन, असंही होऊ शकतं. म्हणून मी आलो नाही तरी तुझं काम अडू नये. खालचा मजकूर फाडून मामांना दे, झरीला पाठव, ग्रामपंचायतीत लाव. नुसतं पंडित लिहून भागणार नाही, म्हणून पूर्ण नाव लिहितो.

द्वारका व्यंकटराव, राहणार वालूर, हिचा जन्म पहाटे चार वाजून वीस मिनिटांचा आहे. तिच्या पत्रिकेत मंगळ नाही. चुकीची वेळ माझ्या हातून पडली. ती चुकीची आहे हे कळल्यावरही मी तीच छापून दिली. यात तिच्या घरच्यांचा, बन्सीधर जोशी यांचा किंवा मशीनचा काही दोष नाही.

पंडित तुळशीराम होगे
राहणार मानवत, जिल्हा परभणी